जुन्या कमोडोर ६४ला पहिली वीज देण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा: तुम्हाला एक कमोडोर ६४, म्हणजे १९८०च्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर, मिळाला आहे. सोबत त्याचा मूळ पॉवर सप्लाय, कॅसेट युनिट आणि १५४१ डिस्क ड्राइव्ह आहे. देणाऱ्याचं म्हणणं, "इतक्यात लावून पाहिलेला नाही, पण बंद करून ठेवला तेव्हा चालत होता." तुम्ही विचारताय की थेट टीव्हीला जोडून बटण दाबावं, की आधी सगळे कॅपॅसिटर बदलून घ्यावेत. आणि चालू झालाच, तर 'चांगल्या स्थितीतला' कधी म्हणायचा?

थेट बटण दाबू नका. आणि कॅपॅसिटरही बदलायला घेऊ नका, निदान आत्ता तरी. या दोन टोकांच्या मधे करण्यासारखं बरंच काही आहे, आणि त्यातलं निम्मं काम मशीन बंद असतानाच होतं.

हे मॉडेल १९८२ ते १९९४ या काळात विकलं गेलं, म्हणजे तुमच्या हातातलं मशीन कमीत कमी तीस वर्षांचं आहे. अशी मशीनं कपाटात पडून बिघडतात त्यापेक्षा कपाटातून काढल्यावर पहिल्या पाच मिनिटांत जास्त बिघडतात, असा माझा अनुभव आहे. त्यामुळे 'चालतं का' या प्रश्नाच्या आधी 'तपासताना माझ्याच हातून जाणार नाही ना' हा प्रश्न येतो. मी एकच क्रम पाळतो: ज्याची खात्री झाली आहे त्याच्याच भरवशावर पुढचं तपासायचं. सप्लायची खात्री नसेल तर त्याला मशीन लावायचं नाही. मशीनला वीज नीट पोचतेय हे ठरल्याशिवाय चिपांवर संशय घ्यायचा नाही. चित्र आलं नाही तर आधी केबल आणि टीव्ही निर्दोष ठरवायचे.

काही गोष्टी मात्र मला इथे बसून सांगता येणार नाहीत. मशीन कोरड्या कपाटात होतं की ओलीच्या भिंतीशी, आतला बोर्ड सुरुवातीचा लांब आहे की शेवटचा आखूड, मशीन पॅल आहे की एनटीएससी (टीव्ही सिग्नलच्या दोन पद्धती), आणि तुम्हाला ते रोज वापरायचं आहे की संग्रहात ठेवायचं, यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. मल्टिमीटर तुमच्याकडे आहे असं धरून चालतो. नसेल तर आधी तो घ्या. त्याच्याशिवाय सगळा कारभार अंदाजपंचे दाहोदरसे.

सप्लाय

या मशीनचा सगळ्यात मोठा शत्रू त्याच्यासोबत आलेला तो जड काळा किंवा करडा ठोकळा आहे. त्यातून दोन वेगळ्या विजा बाहेर येतात: ५ व्होल्ट डीसी आणि ९ व्होल्ट एसी. ९ व्होल्टची बाजू म्हणजे नुसता ट्रान्सफॉर्मर, ती सहसा त्रास देत नाही. ५ व्होल्टच्या बाजूला रेग्युलेटर (व्होल्टेज एका आकड्यावर धरून ठेवणारा भाग) आहे, आणि बऱ्याच ठोकळ्यांमधे हे सगळं इपॉक्सीत ओतून बंद केलेलं असतं. उष्णता बाहेर जायला वाट नाही, दुरुस्तीला उघडायची सोय नाही. वर्षानुवर्षं तापून रेग्युलेटर निकामी होतो, आणि निकामी होताना तो बंद पडेलच असं नाही. बऱ्याचदा उलटं होतं: ५च्या जागी ६, ७ किंवा त्याहून जास्त व्होल्ट सोडायला लागतो. मशीनमधे या ५ व्होल्टच्या वाटेवर अडवणारं काहीही नाही. ते थेट रॅमच्या आणि इतर चिपांच्या पायांवर जातात. बहुतेक वेळा पहिला बळी रॅमचा.

तेव्हा आधी सप्लाय एकटाच, मशीनपासून लांब ठेवून मोजा. त्याचा सात पिनांचा डिन प्लग असतो. ५ नंबरच्या पिनवर +५ व्होल्ट, २ नंबरवर ग्राउंड, ६ आणि ७ या दोन्हींच्या मधे ९ व्होल्ट एसी. पिनांचा नकाशा समोर ठेवूनच मोजा, आणि तो नकाशा प्लगचा आहे की सॉकेटचा हे आधी पाहा, कारण प्लगकडून पाहताना आकडे आरशातल्यासारखे उलटे येतात. प्रोबचं टोक घसरून ९ आणि ५ व्होल्टच्या पिना एकमेकींना चिकटल्या तर तपासणी तिथेच संपते. हेही मशीन लांब ठेवण्याचं एक कारण.

५ व्होल्टच्या बाजूला ४.७५ ते ५.२५च्या मधला आकडा हवा. ९ व्होल्टच्या बाजूला लोड नसताना १० किंवा ११ दिसले तर दचकू नका. लोड नसलेला ट्रान्सफॉर्मर थोडं जास्तच दाखवतो.

इथे बरेच जण थांबतात, आणि फसतात. नुसता मोजला तेव्हा ५.०५ दाखवणारा सप्लाय वीस मिनिटं तापल्यावर काय करेल ते या आकड्यावरून कळत नाही. म्हणून त्याला लोड लावा. ४.७ ओहमचा, १० वॉटचा सिमेंट रेझिस्टर ५ व्होल्ट आणि ग्राउंडच्या मधे जोडला की साधारण एक अँपिअर करंट वाहतो. मशीनही जवळपास तेवढंच ओढतं. रेझिस्टर चांगलाच तापेल, तो लाकडावर किंवा प्लास्टिकवर ठेवू नका. अर्धा-पाऊण तास तसंच राहू द्या आणि अधूनमधून आकडा पाहत राहा. आकडा ५.२५च्या वर सरकला, किंवा मधेच उडी मारून परत आला, तर त्या सप्लायचं काम संपलं. ४.७५च्या खाली गेला तर मशीनला इजा होणार नाही, पण ते चालेलही विचित्र आणि तुम्ही नसलेले दोष शोधत बसाल. त्याच वेळी मीटर एसीवर टाकून ५ व्होल्टची बाजू पुन्हा मोजा. तिथे पन्नासेक मिलिव्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर आतले फिल्टर कॅपॅसिटर थकले आहेत.

आणि समजा, तुमचा ठोकळा या परीक्षेत पास झाला. तरीही मी तो वापरणार नाही. आज पास झालेला रेग्युलेटर पुढच्या महिन्यात जाऊ शकतो आणि जाताना सूचना देत नाही. नव्याने बनवलेले कमोडोर ६४चे सप्लाय मिळतात, त्यातला एखादा विश्वासाचा घ्या. तोही आला की तसाच मोजा, नवा आहे म्हणून सूट नाही. जुनाच वापरायचा हट्ट असेल तर मधे ओव्हरव्होल्टेज अडवणारं छोटं सर्किट बसवा, म्हणजे ५ व्होल्ट मर्यादेबाहेर गेले की ते मशीनची वीज तोडेल. मूळ ठोकळा टाकून देऊ नका, संग्रहात तो हवाच. फक्त प्लगला ठळक चिठ्ठी बांधा: 'वापरू नये'. तुम्ही घरी नसताना कोणी हौसेने लावला तर काय, हा विचार त्यामागे आहे.

झाकण उघडून

मशीनच्या खालच्या बाजूला, पुढच्या कडेला तीन स्क्रू असतात. ते काढले की वरचा भाग मागच्या कडेवर दरवाजासारखा उघडतो. झटकन उचलू नका. कीबोर्डची वायर आणि लाल एलईडीची वायर बोर्डाला जोडलेली असते. दोन्ही कशा लागल्या आहेत त्याचा फोटो काढा आणि मगच सोडवा.

आत बोर्डावर एक नंबर छापलेला असतो: ३२६२९८, २५०४०७, २५०४२५, २५०४६६ किंवा २५०४६९. तो लिहून ठेवा. पुढची सगळी चर्चा या नंबरावर होते. २५०४६९ हा शेवटचा आखूड बोर्ड, त्यात बऱ्याच चिपा एकत्र केल्या आहेत. बाकीचे लांब.

गंज, हिरवट झालेल्या पिना, पाण्याचे डाग, उंदीर-झुरळांनी केलेली घाण, आणि आधी कोणी सोल्डरिंग करून ठेवलंय का हे पाहा. शेवटची गोष्ट मी सगळ्यात बारकाईने पाहतो. धुळीने माखलेलं पण कोणी हात न लावलेलं मशीन मला चकाचक पण 'दुरुस्त केलेल्या' मशीनपेक्षा केव्हाही परवडतं. धूळ ब्रशने जाते. घाईत काढलेल्या चिपेखाली उखडलेला तांब्याचा पट्टा शोधायला संध्याकाळ जाते.

सॉकेटमधल्या चिपा अंगठ्याने सरळ खाली दाबा. वर्षानुवर्षं गरम-थंड होऊन त्या सॉकेटमधून किंचित वर सरकतात, आणि एवढ्यानेही काही मशीनं जिवंत होतात. मग मीटर ओहमवर ठेवून ५ व्होल्ट आणि ग्राउंडच्या मधे मोजा. मशीनच्या मागच्या यूजर पोर्टच्या १ नंबरवर ग्राउंड आणि २ नंबरवर +५ मिळतं, तिथे मोजणं सोयीचं. आकडा शून्याला टेकला असेल तर बोर्डावर कुठेतरी शॉर्ट आहे, वीज द्यायची नाही. बोर्डावरचा काचेचा फ्यूजही काढून तपासा. नुसतं डोळ्यांनी पाहून नाही, मीटरने.

कॅपॅसिटरांबद्दल विचारलंत म्हणून सांगतो. या मशीनचे इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर बऱ्यापैकी टिकाऊ निघाले आहेत. गळालेला, फुगलेला किंवा बुडाशी चिकट डाग असलेला दिसला तर तो जरूर बदला. सरसकट सगळे बदलणं म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणं, आणि प्रत्येक बदलात एखादा पॅड (चिकटवायची तांब्याची जागा) उखडण्याची जोखीम वर. 'सगळे बदला' हा सल्ला तुम्ही वाचला असेल तो बहुधा दुसऱ्या मशीनांबद्दलचा. अमिगा ६०० आणि १२००चे छोटे सरफेस-माउंट कॅपॅसिटर खरोखरच गळतात आणि बोर्ड खातात. बीबीसी मायक्रोच्या सप्लायमधले मेन्स फिल्टरचे कागदी कॅपॅसिटर तडकतात आणि एके दिवशी खोलीभर धूर करतात. अमिगा ५०० प्लसमधे घड्याळाची बॅटरी गळते. झेडएक्स स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी लागतात आणि त्याच्या प्लगचं मधलं टोक निगेटिव्ह असतं, तिथे बाजूला पडलेला कुठलातरी अडॅप्टर खुपसणं महागात पडतं. प्रत्येक मशीनचं दुखणं वेगळं. कमोडोर ६४चं दुखणं सप्लायपासून सुरू होतं.

पहिली वीज

मशीनला फक्त सप्लाय आणि टीव्ही जोडा. ड्राइव्ह नको, कॅसेट नको, कार्ट्रिज नको, जॉयस्टिक नको. कीबोर्डही जोडला नाही तरी मशीन बूट होतं. बटण दाबा आणि लगेच यूजर पोर्टवर ५ व्होल्ट पुन्हा मोजा, आता खऱ्या लोडवर. पिना १०-११वर ९ व्होल्ट एसीही पाहा.

निळ्या पडद्यावर फिकट निळ्या अक्षरांत बेसिकची (मशीनच्या प्रोग्रामिंग भाषेची) ओळ, खाली 'रेडी' आणि लुकलुकणारा कर्सर आला, तर छान. पाच मिनिटं ठेवून बंद करा, चिपांना बोट लावून पाहा. व्हिक-टू (चित्र काढणारी चिप) आणि पीएलए (कुठली चिप कधी हे ठरवणारी) गरम असणारच. रॅमची एकच चिप शेजारणींपेक्षा चटका देण्याइतकी तापली असेल तर तिला नजरेत ठेवा.

काहीच आलं नाही, तर टीव्ही नेमकं काय दाखवतोय ते नीट पाहा. इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक दोन्हींना 'काळी स्क्रीन' म्हणतात. एक, टीव्ही 'सिग्नल नाही' म्हणतोय. दोन, टीव्हीला सिग्नल मिळालाय आणि तो काळा आहे. दुसऱ्या प्रकारात व्हिक-टू चिप आणि तिचं क्लॉक सर्किट बहुधा जिवंत आहे, कारण ती काळी चौकट तीच काढतेय. पडद्याला निळा रंग द्यायचं काम कर्नल रॉमच्या, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या, चिपेत कायमचा भरलेल्या प्रोग्रामचं. तो प्रोग्राम सुरूच झाला नाही म्हणून पडदा काळा राहिला.

पहिल्या प्रकारात आधी केबल तपासा. जुन्या ३२६२९८ बोर्डाचं व्हिडिओ सॉकेट पाच पिनांचं असतं, नंतरच्यांचं आठ पिनांचं. मग दुसरा टीव्ही लावून पाहा. हे मशीन इंटरलेस नसलेलं चित्र पाठवतं, आणि काही नवे टीव्ही ते सिग्नल मानतच नाहीत. एनटीएससी मशीन पॅलवाल्या टीव्हीवर कृष्णधवल दिसू शकतं किंवा दिसतच नाही. जुना ट्यूबवाला टीव्ही असेल तर तो हाताशी ठेवा, असल्या मशीनांची खोड त्याला माहीत असते.

आता फ्यूजची गंमत. समोरचा लाल दिवा फक्त ५ व्होल्टवर चालतो. बोर्डावरचा फ्यूज मात्र ९ व्होल्ट एसीच्या वाटेवर आहे. लांब बोर्डांवर याच ९ व्होल्टमधून १२ व्होल्ट आणि आणखी एक वेगळे ५ व्होल्ट बनवले जातात, आणि व्हिक-टू व क्लॉक त्यांवर चालतात. म्हणजे फ्यूज उडाला असेल तर दिवा लागतो, चित्र येत नाही, आणि माणूस म्हणतो, "पॉवर तर येतेय, चिपाच गेल्या." मी पाहिलेल्या 'मेलेल्या' मशीनांपैकी काही याच एका फ्यूजवर परत आली. फ्यूज १.५ अँपिअरचा, फास्ट. त्याच्या जागी जाड तार घालू नका हे सांगायची गरज पडू नये, पण एका मशीनमधे ती मी स्वतः काढली आहे.

काळी पण जिवंत स्क्रीन

फ्यूज ठीक, दोन्ही विजा ठीक, टीव्हीला सिग्नल आहे, तरी काळं. मग संशयित चार-पाचच उरतात: पीएलए, रॅम, रॉम, प्रोसेसर आणि रीसेट सर्किट.

इथे डेड टेस्ट कार्ट्रिज, म्हणजे मेलेल्या मशीनच्या तपासणीचा प्रोग्राम असलेलं कार्ट्रिज, फार कामाला येतं. कार्ट्रिज पोर्टवरच्या दोन लाइनींनी मशीनला वेगळ्या मोडमधे टाकून ते स्वतःचा प्रोग्राम कर्नलच्या जागी चालवतं. त्यामुळे मशीनचा कर्नल आणि बेसिक रॉम गेला असला किंवा रॅम गेली असली, तरी ते चालू शकतं. रॅममधे दोष सापडला तर पडदा ठरावीक वेळा लुकलुकवून ते कुठली चिप ते सांगतं. एवढंच करायचं की लुकलुक मोजायची आणि कार्ट्रिजच्या तक्त्यात पाहायचं. ते कार्ट्रिज चाललं, पण मशीन एकटं काळंच राहतं आणि रॅम पास झाली, तर रॉमकडे बघा. तेही काळंच राहिलं तर पीएलए, प्रोसेसर किंवा रीसेट. कार्ट्रिज घालताना आणि काढताना मशीन बंद हवं, यात अपवाद नाही.

या सगळ्यांत पीएलएचा नंबर वरचा. रॅम कधी, रॉम कधी, बाहेरच्या चिपा कधी हे ठरवणारी ही चिप, ती चालते गरम आणि जाते वारंवार. लॉजिक प्रोब (पिनवर हाय आहे की लो ते दाखवणारं साधन) असेल तर रीसेटही पाहता येतो: प्रोसेसरच्या ४० नंबरच्या पिनवर बटण दाबल्यावर क्षणभर लो आणि मग कायम हाय. लोच राहिला तर प्रोसेसर बिचारा सुरूच झालेला नाही, त्याला दोष देऊ नका.

रॅमच्या चिपेवर वीज मोजताना एक लक्षात ठेवा. लांब बोर्डांवरच्या ४१६४ चिपेला +५ व्होल्ट ८ नंबरच्या पिनवर आणि ग्राउंड १६वर असतं, शेजारच्या साध्या लॉजिक चिपांच्या बरोबर उलट. उणे पाच दिसले म्हणून घाबरलेले लोक मी पाहिले आहेत. आणि रॅमवर 'एमटी' असा शिक्का असेल तर तिच्यावर आधी संशय घ्या. दुरुस्ती करणाऱ्यांत तिची ख्याती चांगली नाही.

चिप काढायची वेळ आलीच आणि ती मेलेली आहे हे नक्की असेल, तर तिचे पाय कापून टाका आणि मग एकेक पाय सोल्डर वितळवून काढा. चिप वाचवायच्या नादात बोर्डाचं भोक जातं. चिप दुसरी मिळते. नव्या जागी सॉकेट बसवा.

निळी स्क्रीन आली म्हणून

विकणारे निळ्या स्क्रीनचा फोटो टाकून 'वर्किंग' लिहितात. तो फोटो काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे त्यातल्या एका आकड्यावरून कळतं. वरच्या ओळींत लिहिलेलं असतं की बेसिकसाठी ३८९११ बाइट मोकळे आहेत. बूट होताना कर्नल मेमरीत खालून वर जात एकेक बाइट लिहून-वाचून पाहतो, आणि जिथे जुळत नाही तिथे थांबतो. चांगल्या मशीनमधे तो ४०९६०व्या पत्त्यावर थांबतो, कारण तिथे बेसिकची रॉम सुरू होते. बेसिकचा प्रोग्राम २०४९पासून ठेवला जातो. ४०९६० वजा २०४९ म्हणजे ३८९११. आकडा याहून कमी असेल तर वाटेत कुठेतरी रॅम फसली, आणि कुठे ते वजाबाकीने काढता येतं. फोटोत हा आकडा स्पष्ट दिसत नसेल तर मागून घ्या.

पण ३८९११ आला म्हणून ६४ केबी रॅम ठीक आहे असं नाही. ४०९६०च्या वरची रॅम कर्नलने तपासलेलीच नाही. गेम मात्र ती वापरतात. म्हणून 'बूट होतं, पण गेम मधेच अडकतो' ही तक्रार येते. तिथे डायग्नोस्टिक कार्ट्रिजने पूर्ण मेमरी तासभर फिरवून घेणं हाच मार्ग. तापल्यावर उघडा पडणारा दोषही त्याच तासात पकडला जातो.

अक्षरांच्या जागी ठिपके किंवा चिन्हांचा कचरा दिसला तर कॅरेक्टर रॉम. अक्षरं बरोबर पण रंग चमचमतायत तर कलर रॅमची २११४ चिप. सगळं दिसतं पण कर्सरच नाही, तर पहिली सीआयए चिप, कारण कर्सर लुकलुकवणारा इंटरप्ट (ठरावीक वेळाने प्रोसेसरला मिळणारा इशारा) तीच देते. कीबोर्डही तीच वाचते.

कीबोर्डची काही बटणं चालत नसतील तर बहुतेक वेळा दोष चिपेचा नसून आतल्या काळ्या कार्बनच्या टोकांवरच्या मळाचा असतो. मागचे छोटे स्क्रू काढा, शिफ्ट लॉकच्या दोन तारांचं सोल्डर सोडवा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसा. बोर्डाची बाजूही पुसा. घासू नका.

आवाजासाठी सिड चिपेच्या तिन्ही आवाजांना वेगवेगळं वाजवून पाहा. पोक ही मेमरीच्या पत्त्यावर आकडा लिहायची बेसिकची कमांड. पोक ५४२९६,१५ म्हणजे आवाज पूर्ण. मग पोक ५४२७८,२४० आणि पोक ५४२७३,२८, आणि शेवटी पोक ५४२७६,१७ म्हटलं की सलग स्वर सुरू होतो. शेवटच्याला १६ दिलं की थांबतो. १७ऐवजी ३३ दिलं तर करवती लहर, १२९ दिलं तर सुस्कारा. दुसऱ्या आणि तिसऱ्या आवाजासाठी, ५४२९६ सोडून बाकीच्या पत्त्यांत सात-सात मिळवत जा. एखादा आवाज मुका निघाला तर फोटोवरून हे कधीच कळलं नसतं. सिड बदलायची वेळ आली तर ६५८१ला १२ व्होल्ट लागतात आणि ८५८०ला ९. एकीच्या जागी दुसरी जशीच्या तशी लावायची नाही.

जॉयस्टिक पोर्ट १मधे दांडा हलवल्यावर पडद्यावर अक्षरं उमटली तर तो दोष नाही, त्या लाइनी कीबोर्डच्याच आहेत. याच लाइनी थेट सीआयएपर्यंत जातात, मधे संरक्षण नाही. म्हणून मशीन चालू असताना जॉयस्टिक काढ-घाल करू नका आणि पोर्टच्या पिनांना बोट लावू नका. अंगावरच्या स्थिर विजेची एक ठिणगी पुरते.

कॅसेट युनिटचं पटकन कळतं. मशीन बूट झाल्यावर प्ले दाबलं की कुठलीही कमांड न देता मोटर फिरायला हवी. फिरली नाही तर ९ व्होल्टची बाजू पुन्हा बघा, मोटरची वीज तिथूनच येते. पट्टा सैल झालेला असण्याचीही दाट शक्यता आहे.

१५४१ला स्वतःचा ट्रान्सफॉर्मर, स्वतःचा ६५०२ प्रोसेसर आणि स्वतःची मेमरी आहे, म्हणजे तो जवळपास दुसरा कॉम्प्युटरच. चालू केल्यावर मोटर क्षणभर फिरते, लाल दिवा लागून विझतो. दिवा लागूनच राहिला तर आतला दोष, डिस्कचा नाही. हेड पुसल्याशिवाय चांगली डिस्क घालू नका. बुरशी लागलेली डिस्क तर अजिबातच नको, ती हेड घाण करते आणि ती घाण पुढच्या प्रत्येक डिस्कवर ओरखडे पाडते.

'चांगल्या स्थितीतला' कधी म्हणायचा

मी स्वतः हे शब्द तेव्हाच वापरतो, जेव्हा मशीन खात्रीच्या सप्लायवर दोन तास सलग चाललंय, पूर्ण रॅमची चाचणी पास झाली आहे, प्रत्येक बटण दाबून पाहिलंय, तिन्ही आवाज आणि दोन्ही जॉयस्टिक पोर्ट तपासलेत, आणि ड्राइव्हवरून काहीतरी लोड झालंय. यातलं जे तपासलं नसेल ते 'तपासलं नाही' असं स्पष्ट म्हणतो.

पिवळ्या पडलेल्या खोक्याचा मी या यादीत समावेश करत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि उन्हाने ते पांढरं करता येतं, पण पुन्हा पिवळं पडलेली खोकी मी पाहिली आहेत, आणि लेप असमान लागला तर कायमचे पट्टे उमटतात. तुमचा संग्रह, तुमची आवड. मी साबणाच्या पाण्यावर थांबतो.

आता तुम्ही तीन गोष्टी कळवा: बोर्डावरचा नंबर, लोडवर अर्ध्या तासाने मोजलेले ५ व्होल्ट, आणि चालू केल्यावर टीव्ही 'सिग्नल नाही' म्हणतो की खरोखर काळा राहतो. निळी स्क्रीन आली तर मोकळ्या बाइटांचा आकडाही. त्यावरून पुढे कुठल्या चिपेपासून सुरुवात करायची ते सांगता येईल. तोपर्यंत सोल्डरिंग आयर्न गरम करू नका.